पोत्यासाठी रुसलेली विहीण

इंदूमाई कुणाच्याही घरी गेल्या, की उंबऱ्यावर थांबून आधी एक दीर्घ श्वास घेत. डोळे मिटलेले, मान किंचित वर, नाकपुड्या फुललेल्या. घरातली माणसे तोवर "या माई, बसा माई" म्हणत ताटकळत उभी. मग डोळे उघडून त्या निकाल देत. "काल रातच्याला चूल धुमसत ठिवली व्हती." किंवा, "वाकळा कवाधरनं उन्हात टाकल्या न्हायत?" आणि कधी नुसतेच, "शिळी हाय."

शिळी म्हणजे घरातली हवा. हा शब्द माईंचाच, पण अंथुर्णे गावात तो इतका रुळला होता, की शाळेत एखादा वर्ग फार वेळ बंद राहिला तर मुलेच म्हणत, "सर, हवा शिळी झालीय, खिडकी उघडू का?" माईंच्या माघारी गाव त्यांना 'वाऱ्याच्या माई' म्हणे. त्यांना ते ठाऊक होते. त्यांना ते आवडतही असावे.

नव्वदचे दशक नुकते सुरू झाले होते. अंथुर्ण्याच्या शाळेत मराठी शिकवायला म्हणून मी आलो आणि माईंच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन खोल्यांत संसार थाटला. माई सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, त्यांचे यजमान रामभाऊ एस.टी.तून कंडक्टर म्हणून. ठेंगणी, सावळी, तुरुतुरु चालणारी बाई. कमरेला नेहमी एक रुमाल खोचलेला, कारण हिवाळाभर त्यांना स्वतःला सर्दी असे. गावाला चिडवायला मिळालेली ही एकच विसंगती होती.

"माई, सगळ्या खिडक्या उघड्या ठिवून तुमालाच पडसं?" कुणी तरी डिवचत असे.

"पडसं दिसतंय तरी," माई नाक पुसत म्हणत. "धूर आत बसला तर त्यो दिसत न्हाय."

ऊसतोडीच्या गाड्या रस्त्याला लागल्या आणि कालव्याच्या बाजूने पहाटेचे धुके गावात शिरू लागले, की माईंची फेरी निघे. थंडी आली म्हणजे लोक घरे बंद करतात, दार, खिडकी, फट, भोक, जे असेल ते बुजवतात आणि मग आत काही तरी पेटवतात. या दोन गोष्टी एकत्र येऊ द्यायच्या नाहीत, एवढाच माईंचा कार्यक्रम. एक केली तर दुसरी करू नका. तो ऐकायला सोपा होता, पण गारठलेल्या माणसाला पटवणे महाकठीण होते.

माझी पाळी पहिल्याच हिवाळ्यात आली. आमच्याकडे पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता आणि मी तो न्हाणीतच ठेवत असे. दार लावून घ्यावे, बंबाच्या निखाऱ्यांची ऊब अंगावर घ्यावी आणि सावकाश आंघोळ करावी, हा माझा त्या काळातला एकमेव विलास. एके सकाळी पत्र्याच्या दारावर थाप पडली.

"सर, शुद्धीवर हाय का?"

"हो माई. आंघोळ करतोय."

"दार उघडा."

"माई, मी आंघोळ करतोय."

"सारी हयात दवाखान्यात गेली माझी. तुमच्या आंघोळीचं मला काय नवाल न्हाय. दार उघडा, न्हायतर बंब भाईर काढा."

मी पंचा गुंडाळून, कुडकुडत, लाजेने अर्धा होऊन दार उघडले. माईंनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्या माझ्या मागच्या बंबाशी बोलल्या. "ये बाबा भाईर. तुजं काम पाणी तापवायचं, मास्तरला झोपवायचं न्हाय." त्या दिवसापासून बंब अंगणात गेला आणि मी बादल्या वाहू लागलो. आंघोळीनंतर माझे डोके जड व्हायचे, त्याचा दोष मी इतके दिवस नववीच्या वर्गाला देत होतो. ते जड होणे थांबले. वर्गाची मनोमन क्षमा मागितली, एवढेच माझ्या हाती होते. पुढे बंब जाऊन विजेचा रॉड आला, तेव्हाही माई भिंतीपलीकडून ओरडत, "सर, आधी बटण बंद, मग बादलीत हात. उलटं केलं तर मला हाक मारायला उरणार न्हाय तुमी."

तात्यांच्या साण्याचे प्रकरण मात्र गावभर गाजले. तात्या म्हणजे गल्लीच्या टोकाच्या जुन्या माळवदाचे मालक. त्या मातीच्या सपाट छपराला चुलीच्या वर साणे होते, म्हणजे धूर जायला आणि उजेड यायला ठेवलेले भोक. दर हिवाळ्यात तात्या त्यावर जुनी परात पालथी घालत, वर गोणपाट आणि वर दगड. मग आत धूर कोंडे आणि तात्या होळीपर्यंत खोकत. माईंनी दोन-चारदा सांगून पाहिले. नंतर एके दुपारी तात्या रानात गेलेले पाहून त्या शिडी लावून सरळ वर चढल्या आणि परात घेऊन उतरल्या.

संध्याकाळी तात्या दारात. "इंदे, माझ्या घराला भोक पाडणारी तू कोण?"

"भोक तुमच्या आज्यानं पाडलंय, तात्या. मी नुसतं झाकण काढलं."

"आन् थंडी?"

"ती तुमच्या आज्याला बी वाजत व्हती. त्यो धा लेकरांचा बाप झाला, म्हातारा हून गेला. कवा परात घातली का त्यानं?"

गल्ली हसली. तात्याही हसू दाबत खोकले. परात काही त्यांना परत मिळाली नाही. त्यातून माईंच्या कोंबड्या पाणी पीत, आणि तात्या येता-जाता त्या कोंबड्यांकडे वारसाहक्काच्या नजरेने पाहत.

रामभाऊ या सगळ्याचे कायमचे साक्षीदार आणि कायमचे बळी. पहिला गारठा पडला, की त्यांची तांबडी कानटोपी डोक्यावर चढे, ती उन्हाळ्याची चाहूल लागेपर्यंत उतरत नसे. घरातही नाही, अंथरुणातही नाही. "आमच्या घराचा मालक वारा हाय, सर," ते मला सांगत. "मी भाडेकरू. कवा भाईर काढंल नेम न्हाय." माई आतून उत्तर देत, "भाडेकरूनं जास्त बोलू न्हाय." त्या दोघांची ही जुगलबंदी भिंतीपलीकडून ऐकणे, ही आमच्या घरातली करमणूक होती.

एकदा मी माईंना विचारले. माझा स्वभाव असा, की माणसाच्या प्रत्येक तळमळीमागे एखादी जखम असणारच, असे मला वाटे. "माई, दवाखान्यात असताना असे काही घडले होते का? बंद खोलीत वगैरे?"

त्यांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखे पाहिले. "काय हू न्हाय म्हणून करतेय, सर. आन् तुमी विचारता, काय झालं व्हतं का?"



माईंचा मुलगा मिलिंद पुण्यात नोकरीला. त्याचे लग्न पणदऱ्याच्या सुनीताशी झाले, तेही माईंच्या पद्धतीने: बुद्धवंदना, साधे जेवण आणि मानपान नाही. मुलीची आई हौसाबाई हौसेने विहिणीसाठी भारी साडी घेऊन आल्या होत्या. माईंनी ती भर मांडवात परत केली आणि वर छोटेसे भाषण केले, की मुलाची आई म्हणून मी कुणापेक्षा मोठी नाही, मला मान नको, रुसवा नको, काही नको. टाळ्या पडल्या. हौसाबाई साडी मांडीवर घेऊन बसून राहिल्या. माईंचे म्हणणे योग्यच होते. पण परत आलेली साडी पिशवीत घालताना त्या बाईंचे हात कसे हळू चालत होते, तेही मी पाहिले होते.

दोन हिवाळे गेले. सुनीता पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली, बारामतीच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली आणि आठवड्याच्या आत मायलेकी पणदऱ्याला घरी आल्या. थंडी त्या वर्षी जोराची होती. मिलिंद बायको-मुलीला पाहून दुसऱ्या सकाळी अंथुर्ण्याला आला, तेव्हा मी माईंच्या ओसरीवरच चहा घेत होतो.

"कशी हाय पोर?" माईंनी विचारले. त्या मेथी निवडत होत्या.

"लई गुणाची हाय, आई. रडतच न्हाय. झोपून असतीया."

माईंचा हात थांबला. "दूध?"

"वढत न्हाय फारसं. सासूबाई म्हणत्यात, येतंय हळूहळू. सुनीचं मातुर डोकं लई दुखतंय. काल उलटी बी झाली. दृष्ट काढली परवा."

"खोली कुठली दिलीय?"

"मागची. लई ऊबदार केलीय. खिडकीला खताचं पोतं ठोकलंय, दाराखाली चिंध्या लावल्यात. बाजंखाली शेगडी असती दिसभर. वारं म्हणून शिरत न्हाय." मिलिंद कौतुकाने सांगत होता. आपल्या बायकोची माहेरी किती काळजी घेतली जाते, हे आईने ऐकावे, असे त्याला वाटत होते.

माई उठल्या. मेथी ओसरीभर सांडली. "सर, तुमची स्कूटर चालू हाय न्हवं?"

रामभाऊ कानटोपी सावरत म्हणाले, "अगं, बारशाच्या आदी सासरचं बाईमाणूस तितं पाऊल टाकत न्हाय. आवतन न्हाय, काय न्हाय. त्यांना काय वाटंल?"

"पाऊल टाकत न्हाय मी. स्कूटरवर बसून जाते. भाईरनंच बघते."

बाहेरूनच काय बघणार, हे कुणी विचारले नाही. भवानीनगर मागे पडले, उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगा ओलांडत आम्ही बारामती गाठली आणि पणदऱ्याच्या रस्त्याला लागलो. एरवी बोलता बोलता श्वास घ्यायला विसरणाऱ्या माई वाटभर एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त मधूनमधून माझ्या पाठीवर बोट टोचत. त्याचा अर्थ, जोरात.

हौसाबाई अंगणात धुणे वाळत घालत होत्या. विहिणीला फाटकात पाहून त्यांचा चेहरा उतरला. अवेळी आलेली विहीण, घरात चहाला नीट कप नाहीत, डोक्यावरचा पदर ओला. तरी त्या पुढे झाल्या. "या, या विहीणबाई. आवो, कळवायचं तरी."

माई थेट मागच्या खोलीकडे निघाल्या, तशा हौसाबाई दारात आडव्या झाल्या. उद्धटपणे नव्हे, लेकीच्या काळजीने. "आत न्हाय जायचं आत्ता. थंडीचं भाईरनं आलाय तुमी. अंगावरची पोर हाय, वारं लागंल."

दाराच्या फटीतून ओवा आणि लसणीच्या सालींच्या धुरीचा वास येत होता. मी वाट पाहू लागलो, की आता माई बंद खोलीतल्या कोळशाच्या न दिसणाऱ्या विषारी धुराबद्दल बोलणार, चार गोष्टी सुनावणार. तसे झाले असते तर वाद झाला असता, शेजारणी जमल्या असत्या, आणि दार तेवढा वेळ बंदच राहिले असते. हे मला आता कळते. माईंना ते तिथेच, त्याच क्षणी कळले असले पाहिजे.

त्या मागे फिरल्या आणि अंगणाच्या मधोमध, मातीत, फतकल मारून बसल्या.

"मी रुसले," त्या म्हणाल्या.

हौसाबाईंच्या हातातले धुणे खाली पडले. "ऑं?"

"लग्नात रुसायचं ऱ्हायलं व्हतं. आज रुसले. मुलाची आई हाय मी. दारात आले, कुणी पाणी न्हाय दिलं, बसायला न्हाय दिलं. माझा मान कुठाय?"

मी फाटकाशी स्कूटर धरून उभा होतो. भर मांडवात मान नाकारणारी हीच बाई का, असे वाटून मला माईंकडे बघवेना. हौसाबाईंच्या तोंडावर मात्र वेगळेच काही उमटले. त्या घाबरल्या, हे खरे. पण त्या भीतीत एक सुटकाही होती. रुसलेली विहीण त्यांच्या ओळखीची होती. तिचे काय करायचे, हे त्यांना नीट माहीत होते.

"सांगा विहीणबाई, काय करू? साडी काढू? ती लग्नातली तशीच ठिवलीय."

"साडी नको. मला थंडी वाजतीया. आतली शेगडी हितं आणा माझ्या पुढ्यात."

"अवो, ती बाळंतिणीची..."

"मग ऱ्हाऊ द्या. जाते मी उपाशी."

शेगडी आली. हौसाबाईंच्या धाकट्या जावेने ती चिमट्याने धरून पळत आणली.

"आता बसायला. सतरंजी नको मला. त्या खिडकीचं पोतं काढून द्या. त्याच पोत्यावर बसंन."

"पोत्यावर? खताच्या?"

"माझा मान हाय का तुमचा?"

खिळे उपसल्याचा आवाज झाला. पोते आले. माईंनी ते झटकले, अंथरले आणि त्यावर राणीसारख्या बसल्या. "आन् सून कुठाय? सासू दारात रुसून बसलीय, तिनं येऊन पाया पडायला नको? नातीला माझ्या मांडीवर कोण घालणार?"

एवढ्याला नाही म्हणणे हौसाबाईंच्या आवाक्याबाहेरचे होते. सुनीता धरून धरून बाहेर आली, पांढरीफटक, उन्हाने डोळे मिचकावत. तिला भिंतीला टेकवून उन्हात बसवले. तिच्या मागून कापडात गुंडाळलेली पोर आली आणि माईंच्या मांडीवर ठेवली गेली.

पोर खरेच रडत नव्हती. माईंनी तिच्या तोंडावरचे कापड दूर केले, छातीवर तळहात ठेवला आणि दुसऱ्या हाताने इवलेसे पाऊल बाहेर काढून टाचेवर टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली. मघाचे रुसवे-फुगवे कुठल्या कुठे गेले होते आणि हौसाबाईंनाही काही तरी वेगळे चालल्याचे जाणवले असावे. माईंनी पाठ चोळली, पुन्हा टिचकी मारली. आधी मांजराच्या पिल्लासारखा एक बारीक आवाज आला. मग तोंड वाकडे झाले, मुठी वळल्या आणि त्या पोरीने अंगण डोक्यावर घेतले.

"अवो, रडवलं की तुमी लेकराला!" हौसाबाई कळवळल्या.

"रड बाई, रड," माई म्हणत होत्या. "चांगली रड. आज्जीचा मान हाय ह्यो." कमरेचा रुमाल काढून त्या नाक पुसू लागल्या. सर्दी त्यांना होतीच.

दुपारी शेजाऱ्यांच्या जीपमधून मायलेकींना बारामतीला डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी सगळे विचारून घेतले, दोघींना रात्रभर ठेवून घेतले, आणि घरी गेल्यावर खिडकी उघडी ठेवा, शेगडी नको, कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या ठेवा, पोरीला आईच्या अंगाशी धरा, असे बजावून सांगितले. माईंनी डॉक्टरांना आधीच बाजूला घेऊन काही सांगितले होते. त्यामुळे त्यांनी ते सगळे 'थंडीतली नेहमीची काळजी' म्हणून सांगितले.

स्कूटर घ्यायला आम्ही पणदऱ्याला परत आलो, तेव्हा माईंनी मानाची शेगडी आणि मानाचे पोते मागून घेतले. "रुसव्यात मिळालेलं म्हागारी ठिवत न्हायत," त्या हौसाबाईंना म्हणाल्या. थंड झालेली ती लोखंडी शेगडी माझ्या पायांत आणि पोते माईंच्या मांडीवर, अशी आमची वरात अंथुर्ण्याला निघाली.

वाटेत मी म्हणालो, "माई, हौसाबाईंना खरे सांगायला हवे होते."

माझ्या पाठीमागून आवाज आला. "त्या बाईनं लेकीसाठी एकेक कोळसा निवडून लावला व्हता, सर. आता तिला सांगू, तू काय करत व्हतीस ते? जल्मभर झोप लागंल का तिला? डाक्टरानं सांगितलंय, तेवढं बास. तुमी बी कुठं बोलू नका."

परिणाम व्हायचा तो झाला. बारशाला पणदऱ्यातल्या बायकांना नवी करमणूक मिळाली. भारी साडी नाकारणारी आणि खताच्या पोत्यासाठी रुसून बसणारी विहीण! हौसाबाई स्वतः ती गोष्ट रंगवून सांगत, "शेगडी बी घिऊन गेली बघा," असे म्हणून डोळ्याला पदर लावून हसत. ही गोष्ट पणदऱ्याहून बारामतीला आणि तिथून अंथुर्ण्याला आली. ज्या बाईने मानपानाविरुद्ध मांडवात भाषण केले, तिला आता लोक तोंडावर विचारत, "काय माई, ह्या खेपंला काय आणलं, बारदान का घमेलं?" माई हसून म्हणत, "तुमच्यात आले तर उखळ नेईन." रामभाऊ कानटोपी डोळ्यांवर ओढून घेत. मी गप्प बसे. त्यांनीच तसे सांगितले होते. तरी ते गप्प बसणे मला कधीच पुरते सोयीचे वाटले नाही, आणि आजही, त्या दोघी विहिणी हयात नसताना हे लिहिताना, मी दिलेला शब्द मोडतो आहे की पाळतो आहे, ते मला ठरवता येत नाही.

पुढे माझी बदली इंदापूरला झाली. माईंची शेवटची भेट तिथल्याच एस.टी. स्टँडवर, अशाच एका थंडीच्या सकाळी झाली. बाकावर त्या बसल्या होत्या, केस आणखी पिकलेले, अंगावर शाल. शालीच्या आत मांडीवर नात झोपली होती. चांगली शाळेत जाण्याएवढी झालेली, लांब पाय बाकाबाहेर लोंबत होते, तोंड उघडे. मी आनंदाने पुढे होऊन "माई!" म्हणालो. त्यांनी झटकन ओठांवर बोट ठेवले.

मी समोर उभा राहिलो. इतक्या दिवसांचे बोलायचे साठलेले, आणि इंदूमाई बोलत नव्हत्या. त्यांचा एक हात शालीखाली होता. त्यांनी शालीचे टोक जरासे बाजूला करून मला दाखवले. तळहात नातीच्या छातीवर होता, आणि तो वर जात होता, खाली येत होता, पुन्हा वर जात होता.